आधी भांड्याचं अंग बघा

माझे अब्बा मोमिनपुऱ्यात कल्हई करायचे. तांब्याच्या पातेल्यात वाळू टाकून, आत उभे राहून, पायांनी गिरक्या घेत ते घासत. मी विचारायचो, "इतकं कशाला?" ते म्हणायचे, "आधी भांड्याचं अंग बघायचं बेटा, मग कथील." मी हसायचो. पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. तो धंदा मागे पडला.

परवा एका प्राध्यापक मित्राला सहज विचारले, जुन्या ट्यूबलाइटची टोके काळी का पडतात? तो म्हणाला, ट्यूबच्या टोकांना लेप दिलेली तारेची वेटोळी असतात. आतल्या वायूचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, त्यांवर आदळतात. विशेषतः ट्यूब सुरू होताना. त्या माऱ्याने कण उडून काचेवर बसतात. धातूची अशी झीज विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच नोंदवली होती.

मी विचारले, "धातू गुळगुळीत असेल तर झीज कमी होईल?" तो म्हणाला, "इतकं सोपं नाही." खडबडीत धातूवर उतार असतात. उतारावर आयन तिरपा आदळतो, त्याची ऊर्जा वरच्या थरातच राहते आणि अणू जास्त उडतात. मात्र अगदीच निसटता लागला, तर तो घसरून जातो. उलट, अरुंद खाचेतून उडालेला अणू समोरच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतो. म्हणजे तोच खडबडीतपणा कधी झीज वाढवतो, कधी रोखतो. शिवाय गुळगुळीत धातूही तसा राहत नाही. १९८८ मध्ये ब्रॅडली आणि हार्पर यांनी दाखवले, की खळगे उंचवट्यांपेक्षा लवकर झिजतात आणि माऱ्यानेच वाळूसारख्या लाटा उमटतात.

हा प्रश्न ट्यूबपुरता नाही. सूर्यातल्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवण्यासाठी फ्रान्समध्ये 'ईटर' ही भट्टी उभी राहते आहे. भारतही त्यात भागीदार आहे. तिच्या आतल्या टंगस्टनच्या भिंतींना असाच मारा सोसायचा आहे. तिथेही आधी अंग बघावे लागते.

घरी आलो. अब्बांनी शेवटची कल्हई केलेले पातेले माळ्यावरून काढले. आत बोट फिरवले. कथील जागोजागी उडाले आहे. पुन्हा कल्हई करायला माणूस शोधतो आहे, अजून सापडलेला नाही.