आफ्रिकेच्या नावाने चाललेला खटला

चाडची राजधानी एन्जामेना. तिथल्या फ्रेंच काळातल्या एका पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचा स्लॅब टाकला गेला आणि खाली कोठड्या काढल्या गेल्या. हुकूमशहा हिसेन हाब्रे यांच्या राजकीय पोलिसांचा हा तुरुंग.

सुलेमान गेंगेंग हे हिशेबनीस १९८८मध्ये पकडले गेले. दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी सहकैदी मरताना पाहिले. १९९०मध्ये हाब्रे सेनेगलला पळाले, गेंगेंग सुटले आणि हा माणूस पीडितांच्या जबान्या टिपायला बसला. एकूण ७९२! पण हाब्रेंचे जुने अधिकारी अजून खुर्च्यांवर होते, म्हणून कागद वर्षानुवर्षं घरातच लपवावे लागले.

पीडितांनी हाब्रेंवर खटल्याची मागणी केली, सेनेगल मात्र चालढकल करत राहिलं. २००६मध्ये आफ्रिकन युनियनने त्याला ‘आफ्रिकेच्या वतीने’ खटला चालवायला सांगितलं, तरी २०१२मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला कान उपटावे लागले. अखेर सेनेगलची राजधानी डाकारमध्ये खास न्यायपीठ बसलं. अध्यक्ष बुर्किना फासोचे, सोबतचे दोघे न्यायाधीश सेनेगलचे. हाब्रेंना हे न्यायालयच मान्य नव्हतं. रक्षकांनी त्यांना अक्षरशः उचलून आणून बसवलं.

३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली. एका आफ्रिकी देशाच्या माजी राष्ट्रप्रमुखाला दुसऱ्या आफ्रिकी देशातल्या न्यायालयाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं, हे प्रथमच घडत होतं.

२०२१मध्ये हाब्रे कोविडने वारले. अपिलात सात हजारांहून अधिक पीडितांना भरपाई मंजूर झाली होती. तिचा एक पैसाही तोवर कुणाच्या हातात पडला नव्हता.