विद्येची पत आणि मैदानावरची पंगत

मुलास कोणत्या महाविद्यालयात घालावे, हा प्रश्न उन्हाळ्याच्या अखेरीस घरोघर निघतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी त्याचा निकाल बहुधा एकाच शब्दावर लागतो. तो शब्द म्हणजे ‘नाव’. ते नाव कशाने होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. संस्थेचे नाव पुष्कळदा तिच्या सोबत्यांवरून ठरते, आणि हे सोबती कधी कधी चक्क मैदानावरचे असतात, असे सांगितले तर श्रोत्यांस नवल वाटेल.

अमेरिकेत महाविद्यालये आपखुषीने क्रीडामंडळे स्थापितात व मुख्यतः मंडळातील संस्थांशीच सामने खेळतात. ‘आयव्ही लीग’ हे नाव आज जगभर उच्च विद्येचे वाचक झाले आहे. परंतु वस्तुतः ते आठ संस्थांच्या क्रीडामंडळाचे नाव होय. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी संस्थांनी १९४५ मध्ये फुटबॉलपुरता करार केला व १९५४ मध्ये तो सर्व खेळांस लागू केला. केवळ खेळातील कौशल्यासाठी शिष्यवृत्ती द्यावयाची नाही, हा त्यातील मुख्य नियम. या आठांपैकी सात संस्था अमेरिकेच्या स्वातंत्र्याहूनही जुन्या आहेत. अर्थात कीर्ती आधीची, मंडळ मागाहूनचे.

याच्या उलट उदाहरण शिकागो विद्यापीठाचे. १८९६ च्या एका बलाढ्य क्रीडामंडळाचे ते आद्य सभासद. त्याने १९३९ मध्ये फुटबॉलचा संघ मोडला आणि १९४६ मध्ये मंडळही सोडले. म्हणून त्याची विद्वत्ता उणावली काय? २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच ओस पडलेल्या क्रीडांगणाच्या प्रेक्षासनांखाली एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुविघटनाची नियंत्रित शृंखला प्रथम साधली!

आपल्याकडील रचना निराळी आहे. येथे महाविद्यालय सोबती निवडीत नाही. विद्यापीठाच्या संलग्नतेबरोबर ते त्याच्या पदरी पडतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा या भागाचे विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले ते त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली. १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले, आणि १९९४ मध्ये नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. संस्था जागची हलली नाही. पंगत मात्र दोनदा पालटली. परभणीतून १९९९ मध्ये वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये आज याच नांदेडच्या पंगतीत आहेत.

या पंगतीचे महत्त्व खेळाडूस विशेष. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यांतून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागातील आंतरविद्यापीठीय स्पर्धा, अशी ही शिडी आहे. हिंगोलीचा कबड्डीपटू मुंबई-पुण्याच्या गड्यासमोर उभा राहतो तो याच शिडीने. ज्या महाविद्यालयाचा संघच मैदानात उतरत नाही, तेथील मुलाची वाट पहिल्याच पायरीशी खुंटते. मग त्या संस्थेचे नाव कितीही मोठे असो.

आणि खेळाने विद्येची हानी होते असेही नाही. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर हेच १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठ दोन हंगामांत रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघाचे नायक होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. राजाराम महाविद्यालयाचे नाव त्या पदकाने उजळले. ते कोणत्या मंडळाचे सभासद होते, हे कोणी विचारले नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. संस्थांच्या बाबतीत भय निराळेच असते. शेजाऱ्याचा वाण तेवढा अंगावर दिसतो आणि गुण लागतच नाहीत. नामांकित विद्यापीठाची पाटी दारावर लागल्याने ग्रंथालयातील कपाटांची कुलुपे उघडत नाहीत, की मैदानावरचे गवत कोणी काढीत नाही.

यास्तव पालकांनी नाव ऐकावे, पण तेवढ्यावर निर्णय करू नये. दुपारी एकदा ग्रंथालयात डोकवावे आणि सायंकाळी एकदा मैदानाकडे जावे. दोन्ही ठिकाणी मुले दिसली, तर ते महाविद्यालय हिंगोलीस असो की मुंबईस, मुलास तेथे निःशंकपणे घालावे.