दारावरचा भंगारवाला आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न मजपुढे उभा राहिला. वधूवर, शिष्यवृत्ती, सभागृहाचा निधी हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय आहेत आणि ते महत्त्वाचेही आहेत. परंतु आज मी आपल्या ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना आपल्या फाटकाबाहेरच्या एका माणसाविषयी बोलणार आहे. तो माणूस म्हणजे दारोदार फिरून मोडके लोखंड, पितळ, पत्रा गोळा करणारा भंगारवाला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक प्राथमिक शिक्षक. अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. जे पाहिले आणि ज्यात स्वतः चुकलो, तेवढेच सांगणार आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी घरात भंगार असे काही नसे. असे ती ‘मोड’. फुटका हंडा, पिचलेला तांब्या मोडीत घालावा आणि वर थोडे पैसे देऊन नवे भांडे आणावे, अशी रीत होती. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई. लोखंडाचा तुकडा दिला, की मुलांच्या ओंजळीत मूठभर फुटाणे पडत. धातू टाकून द्यावयाचा नसतो, तो फिरता ठेवावयाचा असतो, हे त्या निरक्षर बायकांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

आता कर्जत आणि खालापूर हे आपले दोन्ही तालुके पालटले आहेत. मुंबईची लोकलगाडी कर्जतहून पुढे खोपोलीपर्यंत जाते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि खालापूरचा टोलनाका साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. जेथे भाताची खाचरे होती, तेथे सदनिकांची संकुले उठली. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे अशा संकुलांत राहावयास गेली, आणि ती सुखात आहेत, याचा मला आनंदच आहे. परंतु संकुलाला भिंत आली, भिंतीला फाटक आले, आणि फाटकावर पाटी आली : ‘फेरीवाले व भंगारवाले यांस प्रवेश नाही.’ माझ्या आजच्या भाषणाचे कारण ही पाटी आहे.

या माणसाच्या हातगाडीवरचा माल पुढे कोठे जातो, याचा आपण कधी विचार करतो काय? तो प्रथम नाक्यावरच्या भंगाराच्या दुकानात जातो. तेथे लोखंड, बीड, पितळ, तांबे, अॅल्युमिनियम असे वेगवेगळे ढीग पडतात. तेथून माल मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि अखेरीस भट्टीत जातो. भट्टी म्हणजे काय, हे खोपोलीकरांना सांगावयास नको. १९६० च्या दशकात महिंद्र युजीनचा पोलाद कारखाना खोपोलीत उभा राहिला. विजेच्या भट्टीत पोलाद करावयाचे, तर मोडीचे लोखंड हाच मुख्य कच्चा माल असतो. केंद्र सरकारने २०१९ साली पोलादाच्या भंगाराविषयी धोरण जाहीर केले. एक टन भंगार वापरले असता सुमारे १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते, असा हिशेब त्यात दिला आहे. अॅल्युमिनियमचे तर विचारूच नका. खनिजापासून ते काढण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने अॅल्युमिनियम गाळून पुन्हा कामास येते. म्हणजे आपण फेकलेले कुकरचे झाकण हे खाणीतून एकदा निघालेले धन आहे, आणि ते परत आणणारा पहिला हात या भंगारवाल्याचा आहे. त्यास ना पगार, ना रजा, ना निवृत्तिवेतन.

आता माझ्या चुकीची हकीकत सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गाला लोहचुंबकाचा पाठ शिकवीत होतो. लोखंड आणि पोलाद चुंबकाला चिकटते, असे सांगून मी पुढे म्हणालो, “स्टील म्हणजे पोलाद; तेही चिकटते.” मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, स्टीलची ताटली चिकटत न्हाई.” वर्ग हसला. मुलाची आई भंगार वेचीत असे आणि सुटीच्या दिवशी तोही तिजबरोबर जाई. दोऱ्याला बांधलेला लोहचुंबकाचा तुकडा त्याच्या खिशात होता. तो काढून तो दाखवू लागला. मी त्यास दटावून खाली बसविले.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आमच्याच ताटाला चुंबक लावून पाहिला. तो चिकटला नाही! पुढे विज्ञानाच्या जाणकाराकडून कळले, की घरगुती भांड्यांच्या स्टीलमध्ये निकेल किंवा मँगेनीज मिसळले, तर बहुधा त्याची चुंबकाकडे ओढ राहत नाही. मुलाचे खरे होते, मास्तराचे खोटे होते. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे तसे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. काही आठवड्यांनी त्याचे येणे थांबले. माझ्या त्या दटावणीमुळेच थांबले, असे मी म्हणत नाही. घरचे दारिद्र्य हे कारण मोठे होते. पण वस्तीवर जाऊन चौकशी करणे माझे कर्तव्य होते. मी काय केले? सतत गैरहजर असा शेरा मारून हजेरीपत्रकातून त्याचे नाव कमी केले.

सेवानिवृत्तीनंतर मी माझ्या मुलाकडे एका नव्या संकुलात राहावयास गेलो. एके दिवशी वाहनतळाजवळचा पितळी नळ नाहीसा झाला. थोड्याच वेळापूर्वी एक भंगारवाला आत येऊन गेल्याचे कोणी तरी म्हणाले. त्यास रस्त्यावरून परत बोलावून चार माणसांदेखत त्याचे पोते फाटकापाशी उलटे करविले. गंजलेल्या सळ्या, एक कढई, बादलीचा तळ, एवढेच निघाले. नळ निघाला नाही. त्याने एकेक वस्तू पुन्हा पोत्यात भरली, माझ्याकडे पाहिले, आणि “नमस्कार गुरुजी” म्हणून तो गेला. तेव्हा मी त्यास ओळखले. मी तेथे उभा होतो, आणि एक शब्दही बोललो नव्हतो.

नळ तिसऱ्या दिवशी पंपाच्या खोलीत सापडला. दुरुस्तीसाठी प्लंबरनेच तो काढून ठेवला होता. ही गोष्ट त्या माणसास कळवावी असे कोणासही वाटले नाही. पाटी मात्र त्याच आठवड्यात लागली.

मी भंगाराच्या दुकानावर त्यास शोधीत गेलो. नळाचे सांगितले, आणि त्या जुन्या पाठाचेही सांगितले. पाठ त्याच्या ध्यानातही नव्हता. मी मात्र तो विसरलो नव्हतो. मी त्यास विचारले, “तुझ्यासाठी काय करू?” मला वाटले, तो पैशाचे बोलेल. तो म्हणाला, “गुरुजी, आठवड्याचा एक दिवस ठरवून द्या. फाटकाशी ताटकळत बसलं, की चोरावानी वाटतं.”

बंधु-भगिनींनो, सगळेच भंगारवाले सत्यवचनी असतात, असे मी म्हणत नाही. काट्यात मारणारे असतात. चोरीचा माल घेणारेही असतात. परंतु दुकानदारांतही काट्यात मारणारे असतात. म्हणून आपण बाजाराला पाटी लावीत नाही. यावर उपाय ओळखीचा आहे, आणि तो आपल्या शेजारीच, घाटापलीकडे पुण्यात, झालेला आहे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे पुढारी आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या या कामी पुढे होत्या. वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, त्याही दलित समाजातील. त्यांना ओळखपत्रे मिळाली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली महानगरपालिकेशी करार होऊन याच स्त्रिया दारोदारचा कचरा गोळा करू लागल्या. जिच्याकडे संशयाने पाहिले जाई, तिच्या हाती ओळखपत्र येताच तीच फाटकातून राजरोस आत जाऊ लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही पाच हजार चौरस मीटरांहून मोठ्या संकुलांना सांगितले होते, की पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत वेचणाऱ्यांच्या किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा. म्हणजे आपली पाटी नुसती निष्ठुर नाही, ती शहाणपणाचीही नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण संकुलांच्या समित्यांवर आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरवावी, फाटकावरच्या वहीत त्या माणसाचे नाव नोंदवावे, आणि नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे त्याच्या ओळखपत्रासाठी शब्द टाकावा. शंका असेल तर घरच्या काट्यावर वजन करावे, पण माणसाचे पोते चारचौघांत उलटे करू नये. गाडीची जुनी बॅटरी दुकानदारास परत द्यावी. तिच्यातील शिसे व आम्ल घातक असते. गॅसचे सिलिंडर एजन्सीकडेच जावे. फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. तांब्यासाठी वायरी जाळू नकोस, तो धूर विषारी असतो, हे त्यास समजावून सांगावे. आणि त्याच्याबरोबर मूल असेल, तर ते कोणत्या इयत्तेत आहे, हे अवश्य विचारावे. मी ते विचारावयास गेलो नाही, ती चूक आपण करू नये.

एक गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो. अमुक काम अमुकांनीच करावे आणि ते करणाऱ्यास दूर ठेवावे, ही रूढी आपण सर्वांनीच पोसलेली आहे. संत गाडगेबाबा गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेत, कीर्तन त्यानंतर. १९५६ साली ते गेले. त्यांची तसबीर आपल्या कार्यालयात आहे. तसबिरीस हार घालावयाचा आणि दारातील कष्टकऱ्यास हाकलावयाचे, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत.

आमच्या संकुलात पुष्कळ वादविवाद होऊन शनिवार सकाळ ठरली आहे. पाटी अद्याप निघालेली नाही. तिच्याखाली ‘शनिवार सकाळ वगळून’ एवढे शब्द वाढविले आहेत. एवढ्यावर मी समाधानी नाही, पण गेले काही शनिवार तो फाटकाशी ताटकळत नाही, सरळ आत येतो. आमच्या इमारतीतली मुले त्याचा लोहचुंबक मागून घेतात आणि घरची भांडी तपासून पाहतात. मी बाजूला उभा राहून तो पाठ ऐकतो.