उतारवयातली लस आणि आपली वारी



 आम्ही दिंडीची औषधपेटी सांभाळणारी माणसं, कीर्तनकार नव्हे. शताब्दीनिमित्त दोन शब्द बोलायला सांगितलंय, तर आमच्या कामाचंच बोलतो.

2020 आणि 2021 साली माऊलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या, आपण घरी बसलो. 1 मार्च 2021 पासून साठीपुढच्यांना करोनाची लस मिळू लागली. जुलैअखेर महापालिकेने अंधेरी पूर्वेपासून अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा घाटकोपरचे एक आजोबा म्हणाले, "दोन डोस झालेत, आता मला काय होतंय?" आणि मुलुंडच्या एक मावशी म्हणाल्या, "ह्या वयात लस लागू पडत नाही म्हणतात, मग टोचून कशाला घ्यायची?" दोघांचंही अर्धंच खरं होतं.

लस शरीराला रोगाची ओळख करून देते. ही ओळख धरणाऱ्या काही पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ती ग्रंथी वयाबरोबर आकसते, साठीपर्यंत तिथे बरीचशी चरबीच उरते. म्हणजे जुन्या टाळकऱ्यांना जुन्या चाली पाठ आहेत, पण नवी चाल शिकायला नवे गडी फारसे येत नाहीत. शिवाय उतारवयात अंगात बारीक दाह सतत चालू राहतो. समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला की सारा तळ शांत होतो, म्हणून पुढचं ऐकू येतं. अंगातला गलका थांबतच नसेल तर लशीची हाक नीट पोचणार कशी? म्हणून वयस्कांत लशीने येणारी ताकद कमी असते आणि लवकर ओसरते.

पण सगळी म्हातारी माणसं सारखी नसतात. ऐंशीचे बाबा आळंदीहून पंढरपूर चालतात, आणि पासष्टीचे दुसरे कुणी एका जिन्यात थांबतात. फरक निव्वळ वयाचा नाही, अंगातल्या दुबळेपणाचा आहे. वजन आपोआप उतरणं, मुठीतला जोर जाणं, चाल मंदावणं, लगेच दमणं, हालचाल घटणं, ह्यातल्या तीन खुणा दिसल्या तर डॉक्टरांना सांगा. अशा शरीरात लशीचा जोर आणखी कमी पडू शकतो.

मग लस सोडायची का? मुळीच नाही. कमी जोराची लससुद्धा दवाखान्यात भरती होणं आणि जीव जाणं टाळायला मोठी मदत करते. ताकद ओसरते म्हणूनच 10 जानेवारी 2022 पासून आजार असलेल्या साठीपुढच्यांना तिसरा डोस सुरू झाला. परदेशात पासष्टीपुढच्यांना फ्लूची चौपट मात्रेची लस देतात. नागिणीच्या नव्या लशीत शरीराला जागं करणारं द्रव्य घातलेलं असतं, ती सत्तरीतही चांगली लागू पडते. म्हणजे म्हातारं शरीर बहिरं नाही, त्याला हाक जरा मोठ्याने द्यावी लागते.

म्हणून आमचं मागणं एवढंच. आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो आणि लशीची ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. तेव्हा डॉक्टरांना विचारून प्रस्थानाच्या महिनाभर आधी ती घ्या. वाटेत पायाला काटा, दगड लागतोच, तर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते बघा. रोज थोडं चाला, ताटात डाळ, उसळ, दूध असू द्या. अंगातला जोर त्याने टिकतो. आणि तरुणांनो, लस तुम्हीही घ्या. खोकला-ताप असेल तर आजी-आजोबांच्या राहुटीत झोपू नका. ज्यांच्या अंगात लस कमी चढते, त्यांच्याभोवतीचं रिंगण आपणच धरायचं आहे.

कुणाला वय झालं म्हणून वारी सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पेटीजवळ वही ठेवली आहे. घरातल्या वयस्कांचं नाव आणि कुठली लस कधी घेतली, तेवढं लिहून जा.

रामकृष्ण हरी!