शब्दाचा अर्थ आणि आपला हक्क

(बुद्धविहारातील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. हा विषय शिक्षकाचा. वकिलाने त्यात का पडावे, असे कोणास वाटेल. परंतु शब्दाच्या अर्थाचे मोल न्यायालयात जितके कळते, तितके शाळेत कळत नाही. म्हणून प्रथम एका शब्दाचीच हकीकत सांगतो.

१९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. हिंदू धर्माहून भिन्न धर्म जो 'प्रोफेस' करतो, तो अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात होते. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. पुढे महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या एका उमेदवारावर असा आक्षेप आला की, हे तर बौद्ध झाले आहेत. पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा तो खटला. 'प्रोफेस' म्हणजे काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशांचा आधार घेतला आणि १९६४ साली निर्णय दिला: 'प्रोफेस' करणे म्हणजे आपला धर्म उघडपणे जाहीर करणे. अशी जाहीर घोषणा झाली असता धर्मांतर कितपत परिणामकारक होते, याची अधिक चौकशी करणे व्यर्थ होय. ती निवड रद्द झाली. त्या आदेशात 'बौद्ध' हा एक शब्द येण्यास १९९० साल उजाडावे लागले.

बंधूंनो, एका क्रियापदाच्या अर्थावर एका प्रतिनिधीची जागा गेली. मग आपल्या मुलांनी शब्दांचे केवळ स्पेलिंग घोकून कसे भागेल?

शब्द शिकावा तो त्याच्या कुळासह. 'प्रोफेस'चे मूळ लॅटिन भाषेत आहे. त्याचा मूळ भाव पुढे येऊन सांगणे, जाहीर करणे असा. आपली विद्या जाहीरपणे सांगतो तो 'प्रोफेसर'. आपला म्हणून जो व्यवसाय जाहीर करावयाचा, ते 'प्रोफेशन'. कबुली देणे या अर्थाचा 'कन्फेस' हाही त्यांचाच भाऊ. एक मूळ कळले की चार शब्द आपोआप घरी येतात.

दुसरे असे की, एका शब्दास एकच मराठी प्रतिशब्द जोडून थांबू नये. 'कन्व्हर्शन' म्हणजे धर्मांतर, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु दिवाणी कायद्यात दुसऱ्याची वस्तू बेकायदा आपलीशी करणे, यासही 'कन्व्हर्शन' म्हणतात. मुळात त्याचा अर्थ वळणे, पालटणे इतकाच. कोण, कशाकडे वळला, हे वाक्य सांगते. म्हणून शब्द नेहमी वाक्यासह टिपावा.

रीत सोपी आहे. घरात एक वही ठेवावी. रोज तीनच शब्द घ्यावेत. तेही शाळेच्या अर्जातून, बँकेच्या कागदातून, न्यायालयाच्या नोटिशीतून, म्हणजे ज्या कागदाशी आपला संबंध येतो त्यातून. शब्द, त्याचे मूळ, मराठी अर्थ आणि ते वाक्य, इतके लिहावे. रात्री मुलीने तो अर्थ आईला आपल्या शब्दांत समजावून सांगावा. आईस समजला, तरच मुलीस आला असे मानावे. ज्या कागदातील शब्द कळला नाही, त्याच्याखाली सही करू नये.

बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोशाचे काम केले होते. त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो छापला आहे. ज्यांनी देशाच्या घटनेचा मसुदा घडविला, त्यांनाही एकेक शब्द वेचून त्याचा अर्थ लिहावयाचे कष्ट कमी प्रतीचे वाटले नाहीत. आपल्या पूर्वजांच्या वतीने दुसऱ्यांनी कागद वाचले आणि दुसऱ्यांनीच त्यांचे अर्थ लावले. यापुढे आपल्या कागदाचा अर्थ आपणच लावू, असा निश्चय करून आज घरी जाऊ या.

जय भीम!