किलोमीटर थोडे, झीज फार



पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तेथून ही प्रथा महाराष्ट्रभर गावोगावी गेली. अशा व्यासपीठांवरून धर्मावर, राज्यकारभारावर, वाङ्मयावर पुष्कळ विद्वान बोलून गेले. मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजच्या बाकावर, मिस्त्र्यांच्या तोंडून आणि गाड्यांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून झाले. म्हणून आजचा माझा विषयही तसाच आहे : वारंवार केलेल्या आखूड आणि सावकाश फेऱ्यांनी गाडीची प्रकृती कशी बिघडते, आणि त्या बिघाडाचे बिल अखेर कोणाच्या माथी बसते.

आपल्याकडे एक समज पक्का आहे. गाडी कमी चालली म्हणजे ती नवी राहिली. जुनी जीप घेताना गिऱ्हाईक प्रथम मीटर पाहते. आकडा लहान दिसला की खूष होते. मालकही म्हणतो, "माझी गाडी गावातल्या गावात फिरते, तिला काय होणार?" मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच इंजिने खलास होतात.

आपल्या या माणिकगडच्या पहाडावर गाडी कशी चालते ते पाहा. जिवतीहून पाटण, शेणगाव, परमडोली, पुडियाल मोहदा, अशा कुठल्या तरी गावी जावयाचे, वाटेत चार ठिकाणी थांबावयाचे, गाडी बंद, गाडी चालू, पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. बाजाराच्या दिवशी सवारी भरेपर्यंत इंजिन नुसतेच घरघरत ठेवावयाचे. दिवसअखेर मीटर पाहावा तर चाळीस किलोमीटर. या चाळीस किलोमीटरांत इंजिनाने काय भोगले ते मीटर सांगत नाही.

इंजिन हे गरम होऊन काम करण्यासाठी बनवलेले यंत्र आहे. त्याचे पाणी साधारण ऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत तापावे, अशी योजना असते. त्याकरिता थर्मोस्टॅट नावाची झडप बसवलेली असते. पाण्याच्या काट्यावरून इंजिन तापले असे आपण समजतो. परंतु खाली चेंबरात असलेले ऑइल पाण्याहून पुष्कळ उशिरा तापते. दोनचार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली तर काटा वर आलेला असतो, ऑइल मात्र कोमटच राहिलेले असते. थंड ऑइल घट्ट असते. ते सर्व सांध्यांत पोहोचावयास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात धातू धातूला जवळून घासतो. दिवसातून एकदा सेल्फ मारणारी गाडी आणि वीस वेळा मारणारी गाडी यांची झीज म्हणूनच सारखी नसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही ऐकून पुष्कळांस नवल वाटते. एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंधनातील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी मिळतो, त्याचे हे पाणी. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन थंड असेल तर काय होते, ते आपल्या माताभगिनींस सांगावयास नको. भाताच्या पातेल्यावर गार झाकण ठेवले की आतून थेंब धरतात. तसेच थेंब इंजिनाच्या आत धरतात. पिस्टनच्या रिंगांतून थोडा धूर नेहमीच खाली चेंबरात उतरतो, त्याबरोबर ही वाफही उतरते आणि ऑइलात मिसळते. ऑइल भरावयाचे झाकण उघडल्यावर आतून सायीसारखा पिवळट पांढरा थर दिसला, तर पुष्कळदा तो याच पाण्याचा असतो. गाडी मधून मधून चांगली तापली तर हे पाणी उडून जाते. कधीच तापली नाही तर ते साचत राहते. ऑइलाचा गाळ होतो. तो गाळ जाळीवर बसतो. ऑइलाचा दाब उतरतो. आणि प्रथम टर्बो, मागाहून बेअरिंग बोलू लागते. सायलेन्सरही याच पाण्याने आतून गंजतो.

तिसरी गोष्ट इंधनाची. थंड इंजिनात सगळे इंधन नीट जळत नाही. न जळलेला भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतो, तेथील ऑइलाचा पातळ थर धुऊन नेतो आणि चेंबरात जाऊन ऑइल पातळ करतो. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे आणि त्याचे आम्ल होऊन धातू खाई. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहाचे इंधन आले. त्यात गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आले. तो त्रास बराच कमी झाला. परंतु पाणी आणि कच्चे इंधन यांवर कुठल्याही सरकारी नियमाचा इलाज नाही.

उलट बीएस सहाच्या डिझेल गाड्यांत एक नवीच नाजूक वस्तू आली. धुरातील काजळी अडवणारी जाळी. ही जाळी भरली की गाडी आपोआप धूर अधिक तापवून, साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांवर, ती काजळी जाळून टाकते. या कामास सलग धाव लागते. आखूड फेरीत हे काम सुरू होते न होते तोच आपण चावी फिरवतो. जाळणे अर्धवट राहते. पुष्कळ इंजिनांत या कामासाठी जादा डिझेल सोडलेले असते. त्यातले काही खाली ऑइलात उतरते. मग सकाळी काठी काढून पाहावी तर ऑइल वाढलेले! चालक खूष होतो की, माझी गाडी ऑइल पीत नाही. बंधूंनो, ऑइल कधी आपोआप वाढत नसते. वाढले ते ऑइल नव्हे, डिझेल होय.

चौथी गोष्ट बॅटरीची. सेल्फ मारताना बॅटरीतून काही क्षण मोठा प्रवाह निघतो. तो भरून काढावयास गाडी पुरेशी चालावी लागते. पाच मिनिटांची फेरी, त्यात दिवे, पंखा, गाणी. म्हणजे रोज थोडी उधारी राहते. अर्धी भरलेली बॅटरी तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा कडक थर धरतो आणि तिची धारणशक्तीच कमी होते. त्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. या उन्हाने इंजिन लवकर तापते हे खरे, तेवढा आपला फायदाच. पण उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते. रुग्णवाहिकेचे उदाहरण घ्या. ती दिवस दिवस उभी असते, मग थोडी चालते, पुन्हा उभी राहते. पहाडावरच्या बाईला रात्री दोन वाजता गडचांदूरला किंवा चंद्रपूरला न्यावयाचे आणि सेल्फ नुसताच टकटक करतो. अशा वेळी बॅटरी ही हिशेबाची बाब राहत नाही, जिवाची बाब होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मी हळू चालवण्याविरुद्ध बोलत नाही. आपल्या घाटात हळू चालवणे हाच धर्म आहे. हळूपणाने इंजिन मरत नाही. अर्ध्या क्लचवर गाडी रेटणे, जागेवर तासन्‌तास घरघरत ठेवणे आणि इंजिन तापण्यापूर्वीच बंद करणे, यांनी ते मरते. हे तिन्ही एकत्र आले की क्लच, ब्रेक आणि इंजिन यांचे आयुष्य बरोबरच घटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही झीज मोजावयाची कशी? समजा, एक जीप सडकेवर ताशी पन्नासच्या गतीने धावते. तिचे दहा हजार किलोमीटर होतात तेव्हा इंजिन दोनशे तास चाललेले असते. दुसरी जीप दिवसाला चाळीस किलोमीटर चालते. चार तास रांगत आणि एक तास उभ्याने. तिचे दहा हजार किलोमीटर व्हावयास अडीचशे दिवस लागतात, आणि तोवर इंजिन साडेबाराशे तास चाललेले असते. सहापटींहून अधिक! आणि दोघींचे ऑइल एकाच आकड्यावर बदलावयाचे, हा कुठला न्याय?

आपल्या शेतकऱ्यास हे कळते. त्याच्या ट्रॅक्टरवर किलोमीटर कोणी पाहत नाही, तास पाहतात. नांगर धरून ट्रॅक्टर जागच्या जागी दिवसभर राबला तरी त्याचे राबणे तासांच्या काट्यावर चढते. ट्रॅक्टरला जो न्याय मिळतो, तो जीपला नाही, आणि जीपवरच्या माणसालाही नाही. कामगार चळवळीचा सारा इतिहास हाच आहे की, मालाचे मोजमाप मालकाला प्रिय असते आणि तासांचे मोजमाप कामगाराला मिळवावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली, ती कापडाचे वार मोजून नव्हे, राबणाऱ्या देहाचे दिवस मोजून. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरवला; त्यातही माप तासांचेच होते.

हा प्रश्न तत्त्वाचा वाटेल, पण तो पोटाचा आहे. आमच्या एका चालकाची गाडी फाटक ते खाण, खाण ते फाटक अशा फेऱ्या करी. दिवसाला वीस-बावीस वेळा सेल्फ. इंजिन जाम झाले. कंत्राटदार म्हणाला, "किलोमीटर तर थोडेच झाले आहेत, म्हणजे तुझाच निष्काळजीपणा." पगारातून हप्ते कापावयास सुरुवात झाली. आम्ही भांडलो ते फेऱ्यांची वही पुढे ठेवून. तारखेवार फेऱ्या मोजल्या, तास काढले, मिस्त्र्यास चेंबर खोलावयास लावले. आत गाळ होता. माहितीपुस्तकात लिहिलेलेच होते की, आखूड फेऱ्या, धूळ आणि उभ्याने चालणे असेल तर ऑइल लवकर बदला. ते बदलणे मालकाचे काम होते. कपात थांबली. वही नसती तर थांबली नसती.

कायदाही येथे मुका नाही. नुकसानीबद्दल पगार कापावयाचा असेल तर ते कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. परंतु म्हणणे ऐकावयास म्हणण्यासारखे काही हाती असावे लागते.

तेव्हा करावयाचे काय? पहिले, गाडीत एक वही ठेवा आणि रोजचे तास व सेल्फची संख्या लिहा. दुसरे, ऑइल किलोमीटरांबरोबर तास आणि महिने पाहूनही बदला. कठीण वापराची मुदत पुस्तकात वेगळी दिलेली असते, ती पाळा. तिसरे, चार कामे चार फेऱ्यांत करण्यापेक्षा एका फेरीत करा. चौथे, सकाळी इंजिन उभ्याने पाव तास तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटाने हलक्या पायाने निघा, चालताना ते लवकर तापते. पाचवे, आठवड्यातून एकदा गाडीस अर्धा-पाऊण तासाची सलग धाव द्या. त्यासाठी डिझेल फुकट जाळावयास नको. गडचांदूरचा माल आणा. भार घेऊन घाट चढून येणारे इंजिन पुरते तापते. आपला घाट या रोगावरचे औषध आहे. आणि जाळीचा दिवा लागला तर चालती गाडी बंद करू नका, काम पुरे होऊ द्या.

इंग्लंडात घरोघरी दूध टाकणाऱ्या हजारो गाड्या एके काळी विजेच्या बॅटरीवर चालत. दर दारी थांबणाऱ्या गाडीस तापावे लागणारे इंजिन नकोच, हे त्यांनी ओळखले होते. उद्या आपल्या गावांतल्या फेऱ्यांसही विजेची गाडी सोईची ठरेल. ती येईल तेव्हा येईल. आज आहे ती जीप जपावयाची आहे, कारण तिच्यावर कर्ज आहे आणि त्या कर्जावर एक घर उभे आहे.

लांब पल्ल्याच्या कष्टांचे कौतुक सर्वत्र होते. थांबत, रांगत, पुन्हा पुन्हा सुरू होत केलेले कष्ट मीटरवर दिसत नाहीत; मग ते यंत्राचे असोत की माणसाचे. ते दिसावेत म्हणून लिहून ठेवा. एवढीच विनंती.