छात्रालयाचा कारभार

जून महिना लागला म्हणजे खानदेशांतील एस. टी.च्या गाड्यांतून एक ओळखीचें दृश्य दिसूं लागतें. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांच्या खेड्यांतून निघालेला मुलगा एक पेटी, एक वळकटी आणि आईनें बांधून दिलेली शिदोरी घेऊन जळगांवास किंवा धुळ्यास उतरतो. कालपर्यंत त्यानें केव्हां उठावें, काय खावें, दिवा केव्हां मालवावा, हें घरचीं वडील माणसें ठरवीत होतीं. आज तो शेंदोनशें अनोळखी मुलांच्या संगतींत राहावयास आलेला असतो. येथें हें सारें कोणीं ठरवावयाचें? प्रश्न साधा दिसतो. परंतु वसतिगृहांतील बऱ्यावाइटाचें मूळ बहुधा याच प्रश्नांत सांपडतें.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें जुनीं आहेत. गृहपति, म्हणजे आजच्या बोलींतील रेक्टर, सांगतील तें प्रमाण, हें एक. आणि मुलांचें मुलांनींच पाहावें, हें दुसरें. पहिल्यानें शिस्त राहते, पण मुलगा तीन वर्षें राहूनहि त्या घरांत पाहुणाच राहतो. दुसऱ्यानें दुबळ्या मुलावर दांडग्याचें राज्य येण्याची भीति असते. म्हणून शहाण्या संस्था मधला मार्ग काढतात. मुलांनीं निवडलेलें एक सल्लागार मंडळ असावें. अखेरचा निर्णय गृहपतींचा, परंतु मंडळाचें म्हणणें ऐकल्यावांचून तो होऊं नये. असें मंडळ आपला स्वतःचा कारभार कसा करतें, यावरच त्याच्या सल्ल्याचें वजन ठरतें.

महाराष्ट्रांत छात्रालयांची परंपरा मोठी आहे. कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं बोर्डिंग निघालें आणि पुढें निरनिराळ्या जातिजमातींचीं बोर्डिंगें तेथें उभीं राहिलीं. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं काढलेल्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तींत जेवत आणि पुष्कळशीं कामें आपल्या हातांनीं करीत. ज्याच्या हातीं पळी येते त्याला पीठमिठाचा हिशेब आपोआप कळूं लागतो.

त्याच १९२४ सालीं खानदेशांत, अमळनेरच्या शाळेंत, पांडुरंग सदाशिव साने नांवाचे तरुण शिक्षक रुजू झाले. पुढें तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडीत, पसरलेलीं अंथरुणें गुंडाळून ठेवीत. रागावण्यानें जें झालें नसतें तें या मुक्या कामानें साधे. ‘छात्रालय’ नांवाचें एक हस्तलिखित दैनिकहि ते काढीत असत. साने गुरुजींच्या आयुष्यांतला हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यांतील एक गोष्ट कारभाराच्या दृष्टीनें लक्षांत घेण्यासारखी आहे. १९३० सालीं गुरुजी शाळा सोडून सत्याग्रहांत गेले. प्रेमळ गृहपति हें छात्रालयाचें भाग्य होय. पण भाग्य कायमचें नसतें. माणूस निघून गेल्यावरहि जें टिकावें, तें मुलांच्या अंगवळणीं पडलेल्या नियमांतच सांठवून ठेवावें लागतें.

हे नियम कसे असावे? कल्पनेंतलें एक उदाहरण घेऊं. समजा, एका वसतिगृहाच्या खानावळींत असा नियम आहे कीं, गांवीं जावयाचें असल्यास दोन दिवस आधीं वहींत नोंद करावी, म्हणजे तितक्या दिवसांचा खाडा मिळेल. दिवाळीनंतर कपाशीच्या वेचणीस मजूर मिळेनात म्हणून एका मुलास घरून तांतडीचा निरोप येतो. तो रात्रींच्या गाडीनें निघतो. नोंद राहून जाते. आठ दिवसांनीं परततो, तों पुऱ्या महिन्याचें बिल पुढें! घरची ओढाताण, पैसे आणावयाचे कोठून? त्याचा अर्ज मंडळापुढें येतो. खाडा द्यावा, तर शिजलेल्या अन्नाचा खर्च इतरांच्या माथीं बसतो. न द्यावा, तर बापाच्या शेतांत राबल्याबद्दल मुलास दंड केल्यासारखें होतें. चिटणीस म्हणतो, आज एकास सवलत दिली कीं उद्यां दहा जण हात पसरतील. चिटणिसाचें म्हणणेंहि अगदींच खोटें नाहीं.

शहाणें मंडळ येथें दयेचा किंवा दराऱ्याचा विचार न करतां मूळ नियम कशासाठीं केला तें पाहील. दोन दिवसांची सूचना मागितली ती आचाऱ्यास शिधा बेतानें काढतां यावा म्हणून. तेव्हां पहिल्या दोन दिवसांचे पैसे मुलानें द्यावे; तें अन्न त्याच्यासाठीं शिजलें होतें. तिसऱ्या दिवसापासून त्याचें ताट रिकामें आहे हें सर्वांस दिसत होतें; म्हणून उरलेल्या सहा दिवसांचा खाडा त्यास मिळावा. शिवाय पुढें असा प्रसंग येऊं नये म्हणून खोलींतील सोबत्यासहि नोंद करतां यावी. हा सल्ला कारणांसह वहींत लिहून गृहपतींकडे जावा आणि त्याची प्रत फलकावर लागावी. दोन महिन्यांनीं खुद्द चिटणिसाचीच नोंद राहिली, तर त्यानें त्या वेळेपुरतें आपल्या खुर्चीवरून उठून बाहेर बसावें, आणि त्याला तोच न्याय मिळावा. मंडळाची खरी परीक्षा त्या दिवशीं होते.

श्रोतेहो, या लहानशा गोष्टींत स्वराज्याचा सारा पाठ आहे. निवडणूक गुप्त मतदानानें व्हावी. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीं कांहीं जागा राखून ठेवाव्या, कारण सर्वांत अधिक सोसावें लागतें तें त्यांना आणि सर्वांत कमी बोलतात तेहि तेच. पुरेसे सभासद हजर असल्याखेरीज ठराव होऊं नये. खानावळीचा हिशेब मंडळाबाहेरच्या दोघांनीं दरमहा तपासावा. गृहपतींस सल्ला मान्य नसेल तर त्यांनींहि कारण लेखी द्यावें. इतिवृत्ताचा कंटाळा करूं नये. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें साने गुरुजींनीं ऐकतां ऐकतां लिहून घेतलीं, म्हणून तीं महाराष्ट्रास लाभलीं. मंडळाची वही इतकी थोर नसेल. परंतु बोललेलें विरून जातें आणि लिहिलेलें उरतें, हा नियम दोन्हींकडे सारखाच.

मंडळास मर्यादाहि आहेत. नव्या मुलाचा छळ झाला असेल तर तें प्रकरण ‘आपसांत मिटवूं’ म्हणण्याचा अधिकार कोणत्याहि मंडळास नाहीं. महाराष्ट्रांत १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे आणि तक्रार येतांच सात दिवसांच्या आंत चौकशी करण्याची जबाबदारी त्यानें संस्थाप्रमुखांवर टाकली आहे. तेथें मंडळाचें काम एवढेंच कीं, भ्यालेल्या मुलाचा हात धरून त्यास प्रमुखांपर्यंत पोंचवावें.

कोणी म्हणेल, मुलांना विचारण्याचा एवढा खटाटोप कशाला? अलीकडचा एक प्रसंग याचें उत्तर देतो. २०१८ सालीं शासनानें आदिवासी वसतिगृहांतील खानावळीऐवजीं भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांत भरण्याची पद्धत आणली. धुळें आणि नंदुरबारकडील अनेक घरांशीं या प्रश्नाचा निकटचा संबंध होता. ठेकेदाराच्या निकृष्ट जेवणापासून सुटका होईल, असें एक पक्ष म्हणे. पैसे वेळेवर न आले तर खावें काय, असें दुसरा विचारी. त्याच वर्षीं विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायीं निघाले. कोणता पक्ष बरोबर, हा वाद बाजूस ठेवला तरी जेवणाऱ्यास आधीं विचारणें हें रस्त्यावर त्याची समजूत घालण्यापेक्षां सोपें असतें, एवढें खास. आणि सामाईक चूल गेली कीं तिच्याभोंवतीं बसून हिशेब करण्याचा सामाईक पाठहि जातो, हें विसरतां कामा नये.

मुलींच्या वसतिगृहांत हाच प्रश्न दाराच्या वेळेचा होऊन येतो. मुलींना न विचारतां ठरविलेली वेळ त्यांना कुलूप वाटते. अभ्यासिका केव्हां बंद होते, गांवाहून येणारी शेवटची गाडी कोणती, हें त्यांच्याकडून समजून घेऊन ठरविलेली वेळ त्यांना संरक्षण वाटते.

१९८९ पासून या देशांत अठराव्या वर्षीं मताचा अधिकार मिळतो. जो देशाचें सरकार निवडण्यास लायक ठरला, त्याला आपल्या ताटांतील आमटीविषयीं बोलण्यास नालायक ठरविणें हें विसंगत आहे. वसतिगृहांत मुलगा तीनचार वर्षें राहतो आणि मग आपल्या गांवीं, आपल्या ग्रामपंचायतींत, आपल्या दूधसंघांत जाऊन बसतो. विरुद्ध निकाल लागल्यावरहि रात्रीं त्याच पंक्तींत बसून जेवण्याची संवय त्यानें येथून नेली, तर छात्रालयानें त्याला पदवीच्या कागदाइतकीच मोलाची वस्तु दिली असें म्हणावें लागेल.